कंडक्टरच्या पँटची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण पिशवी होण्याआधी मी एस.टी.च्या कंडक्टरची खाकी पँट होते. शिरूर आगारातले सोपानराव मला घालून गाडीत तिकिटं फाडायचे. चार वर्षांत मी गुडघ्यांवर विरले आणि माझं पायपुसणं व्हायची वेळ आली. पण सोपानरावांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, कुठलंही धड कापड वाया घालवणं जिवावर यायचं. न्हावऱ्यातल्या घराच्या पडवीत त्यांचं शिलाई मशीन होतं. त्यांनी मला उसवलं, विरलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या कापडाची पिशवी शिवली. तळाला दोन पदर, मजबूत दुहेरी बंद आणि आतून एक लहान खिसा.

"हा खिसा कशाला?" सोपानरावांनी विचारलं.

"तुमच्या वाचनालयाच्या कार्डाला. मागं शर्टाबरोबर धुण्यात गेलं तवा दोन दिवस बोलला न्हाई माझ्याशी."

अशी मी जन्माला आले, आणि माझं काम जन्माआधीच ठरलेलं होतं. सोपानरावांना वाचनाचं वेड होतं. वेड म्हणजे किती, तर भेळ खाऊन झाली की ते कागद चुरगाळत नसत. तो सरळ करून त्यावरची अर्धी बातमी वाचत आणि उरलेली अर्धी कुठं असेल याची चुटपुट लावून घेत. शेवटच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं उभी राहिली की ड्रायव्हर चहाला जायचा, आणि हे मागच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचे. एकदा तर घंटी द्यायची विसरले म्हणून गाडी जागेवरच उभी राहिली. प्रवाशांना वाटलं, इंजिनात काही बिघाड झाला.

गुरुवारी त्यांची सुट्टी असे. मला खांद्याला अडकवून ते शिरूरच्या वाचनालयात जात. आधी दोन पुस्तकं मिळत. पुढं करुणाताई तिथं ग्रंथपाल म्हणून आल्या. सोपानराव पुस्तकाचा कोपराही दुमडत नाहीत, आणि आधीच्या वाचकानं दुमडलेला असला तर तो नखानं सरळ करून आणतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्या चार पुस्तकं देऊ लागल्या. पुस्तकांच्या वजनानं माझे बंद ताणले जात, पण मला त्याचं कौतुकच वाटे. शेजारच्या घरी माझ्यासारख्याच पिशव्या होत्या, त्यांच्यातून कांदे आणि पेंड जायची. मला कुणी विचारलं असतं, तर मी नुसतं सांगितलं नसतं, मिरवलं असतं.

घरात तीनच माणसं. सोपानराव, मुक्ताबाई आणि त्यांची एकुलती एक लेक सुलक्षणा. तिला घरात सुली म्हणत. मी शिवले गेले तेव्हा ती पहिलीत होती. गुरुवारी संध्याकाळी एस.टी.तून बाप उतरला की ती धावत यायची आणि माझ्यात डोकं घालून पुस्तकांचा वास घ्यायची. जेवणाआधी ओट्यावर बैठक बसे. सोपानराव मोठ्यानं वाचत, सुली त्यांच्या मांडीला टेकून पुस्तकात बघत बसे, आणि मुक्ताबाई समोर सुपात धान्य निवडत ऐकत. मुक्ताबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. स्वतः पुस्तक हातात धरत नसत, पण गोष्टीतल्या कुणाचं काय झालं ते त्यांना वर्षानुवर्षं लक्षात राही. सोपानरावांचं मन फार हळवं होतं. पुस्तकातल्या कुणावर वाईट प्रसंग आला की त्यांचा आवाज चिरका व्हायचा. मग ते डोळे पुसत, पाणी पीत आणि पुढं वाचत. मायलेकी त्यांना हसत नसत.

अशी सतरा-अठरा वर्षं गेली, मित्रांनो. सोपानराव निवृत्त झाले. आता रोजच सुट्टी, पण वाचनालयाचा वार त्यांनी गुरुवारच ठेवला. सुली शिकली आणि रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागली. तिथं तिची रोहिदासशी ओळख झाली. रोहिदास दौंडचा. त्याचे वडील रेल्वेत होते, ते वारले होते. मुलगा शांत, निर्व्यसनी, पण जातीबाहेरचा.

सुलीनं ओट्यावर बसून आबांना, म्हणजे सोपानरावांना, हे सगळं स्वतः सांगितलं. सोपानराव ओरडले नाहीत. त्यांनी हात उगारला नाही. ते फक्त उठले, खुंटीवरून मला काढलं आणि वार मंगळवार असताना वाचनालयात जाऊन बसले. परत आले तेव्हा एकच वाक्य बोलले.

"हा विषय ह्या घरात पुन्हा निघायचा न्हाई."

तो निघाला नाही. महिन्याभरानं एका शुक्रवारी सुली चार कपडे घेऊन गेली. तिनं रोहिदासशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या आतल्या खिशात एक बंद पाकीट ठेवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'आबांना'.

पुढच्या गुरुवारी, शिरूरच्या एस.टी.त, कार्ड घेतलंय ना ते बघायला सोपानरावांनी खिशात हात घातला आणि पाकीट बाहेर आलं. अक्षर त्यांनी ओळखलं. त्या अक्षराला त्यांनीच पाटीवर वळण लावलं होतं. कितीतरी वेळ ते पाकीट गुडघ्यावर ठेवून बसले. मला वाटलं, आता फाडतील, आता वाचतील. भेळेचा कागद न सोडणारा माणूस हा. पण त्यांनी पाकीट होतं तसं माझ्या खिशात परत ठेवलं. कार्ड त्या दिवसापासून शर्टाच्या खिशात गेलं. पत्र त्यांनी फाडलं नाही, फेकलं नाही आणि उघडलंही नाही. चार वर्षं मी ते वागवत राहिले. चार पुस्तकांपेक्षा ते जड होतं.

त्या चार वर्षांत घर बदललं. सुलीचा फोन नंबर सोपानरावांनी मोबाइलमधून काढून टाकला. भावकीत कुणी तिचं नाव काढलं की ते उठून जात, त्यामुळं लोकही गप्प झाले. ते वाचत होते, पण मनात. ओट्यावरची बैठक बंद पडली. मुक्ताबाई एकट्याच धान्य निवडत. एकदा त्यांनी विचारलं, "आज काय आणलंय?" सोपानरावांनी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि पान उलटलं. त्यानंतर मुक्ताबाईंनी पुन्हा विचारलं नाही. गोठ्यात म्हशीची धार काढता काढता त्या लेकीशी फोनवर हळू आवाजात बोलतात, हे मात्र मला खुंटीवरून ऐकू यायचं.

मग एका सकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

"खुटबावला जाऊन येते," त्या म्हणाल्या. खुटबाव त्यांचं माहेर. "भावाची तब्येत बरी न्हाई. पिशवी नेते. तुमचा गुरुवार अजून लांब हाय."

सोपानरावांनी मान हलवली. माझ्यात मुक्ताबाईंनी तुपाची बरणी ठेवली आणि वर डिंकाच्या लाडवांचा डबा. आजारी भावाला डिंकाचे लाडू कुणी नेत नाही, हे माझ्यासारख्या पिशवीलाही कळतं. पण सोपानरावांचं डोकं पुस्तकात होतं.

मुक्ताबाई खुटबावला उतरल्या, भावाच्या घरी अर्धा तास टेकल्या आणि पुढं दौंडची गाडी धरली. स्टेशनच्या पलीकडं एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दार सुलीनं उघडलं. तिला सातवा महिना होता. आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ही आबांची पिशवी."

तिनं मला जवळ घेतलं आणि लहानपणीसारखं आत डोकं घातलं. मला मोठं बरं वाटलं. मग तिची बोटं आतल्या खिशाकडं गेली आणि तिला पाकीट लागलं. तिनं ते बाहेर काढलं, उलटसुलट केलं. चिकटवलेली कड जशीच्या तशी होती.

"उघडलंसुद्धा न्हाई गं आई."

मुक्ताबाईंनी लाडवांचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि पदरानं झाकण पुसत राहिल्या.

"काढून घे मग," शेवटी त्या म्हणाल्या.

"न्हाई. त्यांना दिलंय, त्यांच्याकडंच राहू दे." तिनं पाकीट परत खिशात ठेवलं.

दोन महिन्यांनी सुलीला मुलगी झाली. तिचं नाव सृष्टी ठेवलं. मुक्ताबाईंच्या भावाची तब्येत त्यानंतर फारच वरचेवर बिघडू लागली. दर पंधरा दिवसांनी मी दौंडला जायचे. जाताना बाळंतशेपा, तूप, झबली असायची. परतताना मी रिकामी असायचे आणि मला बाळाच्या अंगाला लावलेल्या तेलाचा वास यायचा. मुक्ताबाई घरी येताच खिशातलं पाकीट जपून बाजूला काढायच्या, मला साबणानं धुऊन वाळत घालायच्या आणि मग ते परत ठेवायच्या. "एवढी कशाला धुतेस?" असं सोपानरावांनी एकदाच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चष्मा पुसायला घेतला. ते आजोबा झाले होते, मित्रांनो. बाळ कुशीवर वळलं, हसायला लागलं, आवाजाच्या दिशेनं बघायला लागलं. ह्यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं.

सृष्टी सहा महिन्यांची असताना तिच्या टोपड्याची नाडी तुटली. "मशीनवर लावून आणते," म्हणून मुक्ताबाईंनी ते माझ्यात टाकलं. घरी आल्या तो बुधवार होता आणि पाहुणे येऊन बसले होते. त्या गडबडीत मला धुवायचं राहिलं, टोपडंही राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानरावांनी वाचलेली चार पुस्तकं माझ्यात भरली आणि मला घेऊन निघाले.

वाचनालयात करुणाताईंच्या टेबलावर त्यांनी एकेक पुस्तक काढून ठेवलं. चौथं काढताना त्याच्याबरोबर टोपडं बाहेर आलं. पिवळ्या फुलांचं, मुठीएवढं.

करुणाताई हसल्या. "अरे वा, नातवंड आलं वाटतं घरात. बोलला नाहीत तुम्ही. पेढ्याला घाबरलात का?"

सोपानराव टोपड्याकडं बघत राहिले. मुक्ताबाईंचं खुटबावला जाणं, डिंकाचे लाडू, साबणानं धुतलेली पिशवी हे सगळं त्यांच्या मनात एका रांगेत उभं राहिलं असणार. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता.

"आलंय," ते म्हणाले. "मलाच उशिरा कळलं."

त्यांनी नवीन पुस्तकं मागितली नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले, टोपडं मांडीवर ठेवलं आणि माझ्या आतल्या खिशात हात घातला. या वेळी त्यांनी पाकीट फोडलं. पत्र लहान होतं.

'आबा, मी सातवीत असताना तुम्ही आम्हाला एक कादंबरी वाचून दाखवत होता. तिच्यातली मुलगी घर सोडून जाते, तिथं तुमचा आवाज बसला. तुम्ही पुस्तक पालथं ठेवलं आणि आईला म्हणालात, हिच्या बापानं हिच्या मागं जायला पाहिजे होतं. मी ते विसरले नाही. मी उद्या जाते आहे. दौंडचा पत्ता खाली लिहिला आहे. तुमची सुली.'

सोपानरावांनी ते दोनदा वाचलं. पुस्तकासाठी इतक्या सहज भरून येणारे त्यांचे डोळे त्या दिवशी कोरडेच राहिले. ते नुसते बसून होते. वाचनालय दुपारी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा करुणाताईंनी पाण्याचा पेला आणून दिला. तो पिऊन ते उठले.

घरी आल्यावर त्यांनी टोपडं शिलाई मशीनवर ठेवलं. मुक्ताबाई आतून आल्या, त्यांनी टोपडं पाहिलं आणि जागीच थांबल्या.

"कवा झालं?" सोपानरावांनी विचारलं.

"सहा म्हैनं झालं."

"पोरगा हाय का पोरगी?"

"पोरगी. सृष्टी नाव ठेवलंय."

"मला सांगावं वाटलं न्हाई तुला?"

"तुम्ही कवा इचारलं?" मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षांत एकदा तरी इचारलं, पोरगी कशी हाय म्हणून? मी रोज वाट बघायची. आज इचारतील, उद्या इचारतील. मग मीच जायला लागले."

सोपानराव खाली बसले. टोपड्याकडं बघत म्हणाले, "नाडी लाव त्याला. उद्या घेऊन जाऊ."

सकाळी दोघंही निघाले. मुक्ताबाईंनी तूप, शेवया आणि टोपडं घेतलं. सोपानराव कपाटापुढं उभे राहून विचार करत होते. शेवटी त्यांनी घरातलं एक पुस्तक काढलं, पक्ष्यांच्या गोष्टींचं. सुली लहान असताना त्यांनी तिला ते घेतलं होतं.

"सहा म्हैन्याच्या लेकराला पुस्तक?" मुक्ताबाई म्हणाल्या.

"दुसरं काय न्यायचं ते मला कळत न्हाई," सोपानराव म्हणाले.

नदीचा पूल ओलांडून गाडी चौफुल्याला आली, तिथून दुसरी. ज्या रस्त्यावर त्यांनी निम्मं आयुष्य तिकिटं फाडली, त्या रस्त्यावर त्या दिवशी ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते. मी त्यांच्या मांडीवर होते. माझे बंद त्यांनी दोन्ही हातांनी धरले होते.

दार रोहिदासनं उघडलं. त्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो घरी होता. सासऱ्याला त्यानं पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं. क्षणभर तो गोंधळला, मग बाजूला सरकला.

"या आबा. आत या. पाणी घ्या."

सुली आतल्या दारात उभी होती. पुढं आली नाही, पाया पडली नाही. तिच्या मागं पाळण्यात बाळ झोपलं होतं. सोपानराव खुर्चीच्या कडेवर टेकले.

"पत्र वाचलं," ते म्हणाले. "काल वाचलं."

"चार वर्षांनी."

"व्हय."

"आबा, पुस्तकातल्या पोरींसाठी तुम्ही रडायचा. मी लहानपणी तुमच्या मांडीवर बसून बघितलंय." ती थांबली. "मला वाटायचं, माझ्या वेळंला तुम्ही असेच असाल."

सोपानरावांनी मान वर केली नाही. "पुस्तक मिटता येतं, सुली. तिथं सोपं असतं. भावकीत कुणी काय इचारंल, त्याचीच भीती धरून बसलो मी. तुझं न्हाई चुकलं. मी यायला पाहिजे होतं."

रोहिदास पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडं ठेवत होता. सुलीचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले आणि स्वयंपाकघराकडं वळली.

"चहा टाकते. ती उठली तर घ्या तिला. मान धरायला लागत न्हाई आता."

ती उठलीच. अनोळखी माणूस बघून तिनं भोकाड पसरलं. सोपानरावांनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, तरी ती थांबेना. मुक्ताबाई मदतीला पुढं झाल्या, तेवढ्यात त्यांनी एका हातानं माझ्यातून पुस्तक ओढून काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चार वर्षांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला. खरखरीत झाला होता. सृष्टी काही लगेच शांत झाली नाही. गोष्टीतल्या सुगरण पक्ष्याचं घरटं विणून होईपर्यंत ती रडतच होती. मग तिला पान दिसलं. तिनं हात पुढं केला, मुठीत पान धरलं आणि टर्रकन फाडलं.

दुमडलेला कोपराही सहन न होणारा माणूस तो. सोपानरावांनी फाटलेल्या पानाकडं पाहिलं, नातीच्या मुठीकडं पाहिलं. ती तो तुकडा तोंडात घालायला निघाली होती. तेव्हा त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच ते रडायला लागले. सुली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आत येऊन तिनं कप खाली ठेवले आणि बाळाच्या मुठीतून कागद काढून घेतला. मग आपल्या जागी न जाता ती आबांच्या शेजारी बसली.

मित्रांनो, एवढ्यावर सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सुली पहिले काही महिने मोजकंच बोलायची. रोहिदास आणि सोपानराव सुरुवातीला पाऊसपाणी आणि एस.टी.ची वेळ याशिवाय कशावरच बोलत नसत. पण सृष्टी नऊ महिन्यांची झाली तेव्हा सोपानराव तिघांनाही न्हावऱ्याला घेऊन आले. स्टँडवर उतरल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, मागच्या रस्त्यानं जाऊ. सोपानरावांनी ऐकलं नाही. लेकराला कडेवर घेऊन ते भर चौकातून चालत निघाले. भावकीतले तात्याबा पारावर बसले होते.

"कुणाचं रं हे लेकरू, सोपाना?"

"सुलीचं. माझी नात हाय. आन् ह्यो आमचा जावई, रोहिदास."

तात्याबांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून ते आमच्या ओट्यावर आलेले नाहीत. लग्नकार्याला त्यांच्याकडून निरोपही येत नाही. सोपानरावांना त्याचं वाईट वाटतं, ते तसं बोलूनही दाखवतात. पण ओटा रिकामा नसतो. दर रविवारी तिथं वाचन चालतं, आणि मुक्ताबाई पुन्हा "पुढं काय झालं?" असं विचारतात.

आता सृष्टी अडीच वर्षांची आहे. ती पुस्तक उलटं धरते आणि बोट फिरवत मनाला येईल ते वाचते. तिच्या गोष्टीत चिमणी एस.टी. चालवते. सोपानराव मान डोलावत ऐकतात, मध्ये एकदाही तिची चूक काढत नाहीत. माझा तळ मात्र आता फाटला आहे. "नवीन घेऊ की," असं रोहिदास म्हणाला होता. मुक्ताबाईंनी त्याचाच कंपनीचा जुना निळा शर्ट मागून घेतला आणि मला आतून ठिगळ लावलं. त्यामुळं अजून चार पुस्तकं मला सहज पेलतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू खुंटीला असेल. तिला लगेच टाकून देऊ नका. फाटलं तर टाका घाला, मळलं तर धुवा, आम्ही बरीच वर्षं साथ देतो. आणि घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच उठून त्याच्याकडं जा. आमचे सोपानराव हजारो पुस्तकं वाचलेले, तरी त्यांना जायला चार वर्षं लागली. त्या काळात त्यांची नात पहिल्यांदा हसली, पहिल्यांदा कुशीवर वळली. त्यांनी सुलीला सगळं खोदून खोदून विचारलं, तिनं सगळं सांगितलंही. पण ते सहा महिने कुठल्याच वाचनालयात मिळत नाहीत.